प्रश्न क्रमांक अकरा

फॉर्म पुण्याहून आलाय,
शुक्रवारच्या आत भरून द्यायचा.
नाव लिहिलं नाही तरी चालेल म्हणतात.
सहा जणांच्या कार्यालयात
हिरव्या शाईने लिहिणारा मी एकटाच.

पहिले दहा सोपे, खुणा करत गेलो.
कामाबद्दल समाधान : बऱ्यापैकी.
वरिष्ठांशी संवाद : बऱ्यापैकी.
वाहन : आहे.
डिझेलचं विचारलेलं नाही.

अकरावा :
आपणांस कोणत्या विषयाच्या प्रशिक्षणाची गरज वाटते?
खाली तीन आखलेल्या ओळी.

मागचं प्रशिक्षण घाटावर झालं, पाच दिवस.
तिथल्या मातीत फावडं
लोण्यात सुरी जावी तसं जायचं.
आमच्या सड्यावर पहार मारली
तर घंटा वाजते, ठिणगी उडते,
आणि एवढा पडलेला पाऊस
जांभ्याच्या भोकाभोकांतून
दिवाळीआधीच खाडी गाठतो.
प्रमाणपत्राला लॅमिनेशन केलंय.

व्हाळावरच्या बांधाची जागा मी ठरवली,
नकाशाबरहुकूम.
जयवंती ठुकरूल डोक्यावरच्या भाऱ्यासकट थांबल्या,
"हंय नको रे झिला,
हंय कुर्ल्यांची बिळां आसत."
मी हसलो नाही, तेवढं शिकवलेलं आहे.
वहीत नोंद केली :
लोकसहभाग, उत्तम.

चारशे गोणी.
डिसेंबरातला फोटो अजून भिंतीवर आहे,
पाणी, आणि पाण्यात उलटे आम्ही सगळे.
फेब्रुवारीत बांध जागच्या जागी,
दोन्ही बाजूंनी सारखाच कोरडा.

तेव्हापासून मी शाळेमागच्या वाटेने जायचो.
एकदा बस्त्यावने न विचारता
गाडी त्यांच्याच खळ्यात उभी केली.
जयवंतीबाईंनी गुळाचा खडा दिला, तांब्या दिला,
"पी. टँकरचा आसा."
बांधाबद्दल अक्षर नाही.

पहिल्या ओळीवर लिहिलं : संगणकीय नकाशे.
सगळे तेच लिहितात.
दुसरीवर : कुर्ल्या.
खोडलं. हिरवी शाई, खाली वाचता येतंच.
तिसरी तशीच राहिली.

शुक्रवारी फॉर्म खिशात घडी करून
व्हाळावर गेलो.
"चपला काढ," त्या म्हणाल्या,
"नि चलत रव.
पायाक थंड लागात थंय थांब."
मी चाललो. गोटे, पाचोळा, तापलेली वाळू.
दोनदा वाटलं, थांबलो,
मागे वळून बघितलं.
त्यांनी मान हलवली.
"आजून वयर."