छेदचित्र

मुखपृष्ठावर नाव त्यांचं: य. त्र्यं. चौबळ, निवृत्त आर्मरर.
माझं शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या टायपात:
आकृत्या – कु. हेमलता पोतनीस.

वागळे इस्टेटीत दिवसभर मी व्हॉल्व्ह काढायचे,
पंपांचे, बॉयलरचे.
संध्याकाळी चरईत, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर,
ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन
आणि रिव्हॉल्व्हर, उभं कापलेलं.
आकृतीमागे आठ रुपये.
दुरुस्तीचे वेगळे मिळणार नाहीत,
हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

ट्रिगर म्हटलेलं खपायचं नाही.
चाप म्हणा. हॅमरला घोडा. सिलिंडरला चक्री.
पुढच्या साइटला माशी –
'माशी नीट बसली आहे ना, ते पाहावे'
या वाक्याखाली प्रेसमधल्या नाडगौडांनी
पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.
तलावपाळीची अर्धी चक्कर झाली
तरी चौबळ हसतच होते.

तीन पुस्तकं केली आम्ही.
शंभरावर आकृत्या.
पिस्तूल नव्हतंच त्यांच्या घरात.
मी एकदा विचारलं, जड असतं का हो?
ते उठले, आतून सोललेला नारळ आणला,
माझ्या उजव्या पंजावर ठेवला.
'हात सरळ. खांद्याच्या रेषेत. आता शंभर मोजा.'
साठाला हात थरथरायला लागला.
आतून काकू ओरडल्या, चटणीचं काय करू मी?
'हा जो थरथरतोय ना,' ते म्हणाले,
'त्याच्यावर दुसरं प्रकरण.'

ते प्रकरण मला अजून पाठ आहे.
'चाप ओढू नये. दाबूही नये.
बोट आपल्या कामात असावे
आणि आपण त्याच्याकडे पाहू नये.'
ते वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात
एक लांब वक्र रेघ
मी पहिल्यांदाच एका दमात ओढली.

मग ती बाई आली, विटाव्याहून.
पिशवीतून पुस्तक काढलं, दुसरं, निळ्या कव्हराचं,
टेबलावर ठेवलं.
मुलाच्या उशाखाली होतं, म्हणाली.
एवढंच.
त्यानं कुणाला, की कुणी त्याला,
हे चौबळांनी विचारलं नाही.
मीही नाही. माझं पेन कागदावर टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.
ते आत गेले, बारा रुपये घेऊन आले,
पुस्तकाची किंमत.
बाईनं मोजून घेतले.
काकूंनी पाणी दिलं ते प्यायली आणि गेली.

चौथं पुस्तक निघालं नाही.
त्याच्या एकवीस आकृत्यांचे पैसे मात्र
दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून पाठवले,
वाटाण्याच्या ठिपक्यासकट सगळ्यांचे.

आता मी ऐरोलीला, भाचीकडे.
तिची शर्वाणी एअर पिस्तूल खेळते,
कपाटात तिची मेडल्स, सॉक्सच्या खणात.
चौबळांचं पुस्तक तिनं उलटंसुलटं करून पाहिलं,
म्हणाली, मावशीआजी, हे खूपच जुनं आहे गं,
पण हा माणूस शूट करायचा, कळतंय.
घोडा शब्दाला खूप हसली.
मग दुसऱ्या प्रकरणापाशी गप्प झाली
आणि पुस्तक घेऊन तिच्या खोलीत गेली.

त्या एकवीस आकृत्या पत्र्याच्या नळीत आहेत,
माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलामागे.
ट्रेसिंग पेपर पिवळा पडलाय,
रेघा पडलेल्या नाहीत.
मी मध्ये एकदा उतरवून पाहिल्या, भिंग लावून.
एकातही गोळी नाही.
त्यांचा हुकूमच होता तसा:
'गोळी काढायची नाही, बाई.
चक्रीची सहाही घरं रिकामी दाखवा.'
आणि खाली, प्रत्येक आकृतीखाली,
माझ्याच अक्षरात, न चुकता:
भरलेले समजावे.