तीन फूट आत

केळुसकरांनी मोबाइलवर चौदा फोटो दाखवले.
समुद्राकाठचं कुणाचं तरी होमस्टे,
जांभ्याची भिंत, कौलं, शिसवी खांब,
घंगाळात तरंगणाऱ्या चार जास्वंदी.
आडनावातलं गाव त्यांनी एकदाच पाहिलंय,
लग्नानंतर, देवाला नारळ ठेवायला.
"अस्संच हवंय," म्हणाले.
जागा: भांडुप पश्चिम, चौथा मजला,
सहाशे दहा फूट, कार्पेट.

मी हो म्हटलं. हो म्हणायचेच पैसे मिळतात मला.

एक चिरा पस्तीस किलो.
स्लॅबने नकार दिला,
म्हणजे स्लॅबच्या वतीने इंजिनिअरने.
मग अर्ध्या इंचाचे काप मागवले, खारी बिस्किटासारखे,
आणि टीव्हीच्या मागे चिकटवले.
जांभा खरा होता.
वर दीड हाताचं कौलारू छप्पर.
धाकू मेस्त्री त्यालाही उतार देत बसला,
दोनदा काढून, तिसऱ्यांदा नेमका.
"मेस्त्री, इथे पाऊस नाही यायचा."
"कौलांक ता म्हायत नाय," म्हणाला.

पडवी मी बाल्कनीत काढली होती.
नकाशावर छान दिसत होती, झोपाळ्यासकट.
पेन्सिल कानामागे, धाकू बघत राहिला.
"हय कोण येतलो?"
कबुतरं, मी म्हटलं.
तो हसला नाही.
"पडवी येणाऱ्याची आसता, बाई. घरवाल्याची नाय."
मग उठला, हॉल ओलांडून मुख्य दारापाशी गेला
आणि फरशीवर रेघ मारली,
दार होतं तिथून तीन फूट आत.

तीन गुणिले सहा. अठरा चौरस फूट.
भाव सव्वीस हजार.
केळुसकरांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला:
चार लाख अडुसष्ट हजार,
घराबाहेर.

नेत्रावहिनी तोवर गप्प होत्या.
महापालिकेत आरोग्यसेविका, बावीस वर्षं.
पोलिओ, मलेरिया, मग तो ताप मोजायचा काळ.
"दार चार बोटं उघडतं," त्या म्हणाल्या,
"साखळी तशीच. आपण जिन्यात उभं राहून लिहायचं,
वही गुडघ्यावर, पाणी मागायची लाज.
कुणाच्या घराला बसायला जागा नाही, बाहेरच्याला."
आणि धाकूकडे बघून, "फोडा."

सेक्रेटरींची नोटीस आली:
कॉमन जागेवर अतिक्रमण.
टेप घेऊन स्वतः आले, वाकून मोजलं.
जागा केळुसकरांचीच निघाली.
"मग वापरत का नाही?" त्यांनी विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
नव्या ओट्यावर टेकून टेप गुंडाळू लागले.

ओटा लाल कोब्याचा, उंची सतरा इंच.
हे माप पुस्तकात नाही.
धाकूने स्वतःचा गुडघा धरला होता.
एक खुंटी, छत्रीसाठी. बाकी काही नाही.
मला तिथे पितळी समई ठेवायची होती, फोटोसाठी.
वहिनींनी पाण्याचा तांब्या ठेवला, वर फुलपात्र उपडं.

शेवटचा चेक घ्यायला गेले त्या दिवशी लिफ्ट बंद.
चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर छातीचा भाता झाला होता.
ओट्यावर पाचव्या मजल्याच्या मिसेस परेरा,
शेजारी कुरिअरचा पोरगा, हेल्मेट मांडीवर,
दोघांचं पाणी पिऊन झालेलं, बोलणं काहीच नाही.
मिसेस परेरांनी मेथीची पिशवी जवळ ओढली.
माझ्यापुरती जागा झाली.

आतल्या छपरावर एव्हाना धूळ बसली असेल,
नेमक्या उतारावर.
बेल हाताला येत होती.
मी आधी पाणी ओतून घेतलं.