मागे सांगा

सकाळी सहा. क्रॉसमोलिना, चर्चच्या हॉलमागचं पटांगण.
साठ सायकली, तीन थर्मास, एक रुग्णवाहिका.
तिचा चालक सँडविच चावत म्हणाला,
"मला आज काम लावू नका, बाबांनो."

अट्राक्टा बाकावर चढली.
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
तिला माईक लागत नाही.
"ही शर्यत नाही. ज्याला जिंकायचंच आहे
त्याने घरी जाऊन सासूशी पत्ते खेळावेत."
हशा ओसरायच्या आत ती मुद्द्यावर आली:
दोघादोघांनी, रस्त्याच्या डाव्या अंगाने.
आपली रेघ सोडायची नाही.
पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक भिडवायचं नाही.
तो जरासा हलला तर त्याला काही होत नाही,
पडता तुम्ही,
आणि तुमच्यावर मागचे अकरा जण.
आधी ओरडा, मग ब्रेक.

लॉर्कन नवा. सायकलला अजून दुकानाचा वास,
कानात गाणी. तिने ती दोन बोटांनी काढली,
शेंबड्या पोराचं नाक पुसावं तितक्या सहज,
आणि त्याच्याच खिशात टाकली.

"आणि चाकाकडे बघू नका.
चाकाकडे बघणारा चाकातच जातो.
पुढच्याच्या पाठीकडे बघा."

पाठीवर एन्डा होता.
प्रत्येकाच्या. चार पिना लावून,
पावसाची खात्री म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात.
पुढचा दात तुटलेलाच. तो त्याने कधी बसवून घेतला नाही,
म्हणायचा, यातून शिट्टी चांगली वाजते.
खाली हॉस्पिसचं नाव.
साठ एन्डा रांगेने तळ्याकाठी निघाले,
आणि नियमच असा, की नजर हलवायची नाही.

मी शेवटी.
पिवळं जाकीट, पंप, दोन ट्यूब, ग्लुकोज.
जो गळेल त्याच्यासोबत गळायचं, एवढंच काम.
अकरा वर्षं हे काम एन्डाचं होतं.

हाक पुढून निघते. "खड्डा!"
तोंडातून तोंडात, हातातून हातात येते.
कुणी बोटाने जमीन दाखवतं,
कुणी कंबरेमागे पंजा हलवून सांगतं, उजवीकडे सरका.
कधी शब्द वाटेत झिजतो:
पुढे "काच" होती, माझ्यापर्यंत "गाय" आली.
मी गाय शोधत काचेवरून गेलो.
(टायर टिकला.)

नेफिनच्या पायथ्याशी उतार, ओला,
शेताच्या फाटकापाशी शेणकाल्याचा पट्टा.
लॉर्कन दमला होता, मान लोंबती,
रेघ सुटून तो आत आत सरकत होता.
ओरडलं असतं तर दचकला असता.
शेजारच्या ब्रॉनाने फक्त तळवा टेकवला
त्याच्या पाठीवर, म्हणजे एन्डाच्या तोंडावर,
आणि म्हणाली, "इथेच रहा."
तो तिथेच राहिला.
मागून दुधाचा टँकर गेला, लांबच लांब,
त्याचा वारा आम्हा सगळ्यांच्या कोपरांना लागला.

एवढंच. कुणी पडलं नाही.
संध्याकाळी सूप पिताना कुणाला हे आठवलंही नाही,
ब्रॉनालासुद्धा.

शेवटच्या वळणावर पुन्हा "खड्डा!" आला.
माझ्या मागे कुणी सायकलवाला नव्हता.
एन्डा तरीही हात मागे नेऊन दाखवायचा, मोठ्याने ओरडायचा.
आम्ही विचारायचो, सांगतोस कुणाला रे?
तो म्हणायचा, सवय मोडली
तर कुणी असेल त्या दिवशी विसरेन.

मी हात मागे नेला. "खड्डा," म्हणालो.
आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

बऱ्याच अंतरावर रुग्णवाहिका रेंगाळत येत होती.
खड्ड्यापाशी ती वळसा घेऊन आली
आणि चालकाने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं,
इकडे रस्त्यात रामराम घालतात तसं.