खिंड, उंची तीन फूट

होमस्टेडच्या पुढे भाजीची शेतं संपतात
आणि रस्ता पट्टी ठेवून ओढल्यासारखा.
मागे ऋजुता झोपलेली,
मांडीवर केळ्याच्या वेफर्सचं अर्धं पाकीट.
पुढे आम्ही दोघं, मी आणि तिचे वडील.
लग्नाला नऊ वर्षं झाली,
त्यांना हाक काय मारायची हे माझं अजून ठरलेलं नाही.
'अहो' म्हणतो, पुढचा शब्द गिळतो.
ते गप्पच असतात.

दोन्हीकडे गवत,
आपल्या लव्हाळ्याच्या जातीचं, कडेला करवतीचे दाते.
मधूनच झाडांचं एखादं बेट,
पानात वाढलेल्या चटणीएवढं.
मग एक पाटी आली:
खिंड. समुद्रसपाटीपासून उंची तीन फूट.

ते हसले. मायामीला उतरल्यापासून पहिल्यांदाच.
"थांबवा जरा."
पाटीशेजारी कमरेवर हात ठेवून उभे राहिले,
वरंध्याच्या माथ्यावर राहावं तसे.
"काढा फोटो. घाट चढलो म्हणून सांगू."

गाडीतळावर गिधाडं, वायपरचं रबर खाणारी.
तिथे ठेवलेली निळी ताडपत्री आम्ही गाडीवर ओढली.
गाठी त्यांनी मारल्या,
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाच्या गाठी.

लाकडी पुलावर डेलोरिस नावाची वनरक्षक,
टोपीखाली पांढरी वेणी.
कठड्यावर तिरंदाज पंख वाळत घालून बसलेला,
खाली मगर, टाकून दिलेल्या टायरसारखी.
हे तळं नव्हे, डेलोरिस म्हणाली, हे वाहतंय.
त्यांनी आपल्या सरकारी इंग्रजीत विचारलं,
"काइंडली, व्हॉट इज द स्लोप?"
मैलाला दोन इंच.
त्यांनी मान हलवली, कुणी वाईट बातमी सांगावी तशी.

मग तिने कालव्यांचं सांगितलं.
पाणी लवकर समुद्राला जावं म्हणून खणलेले,
सरळ, खोल, हिशेबात चोख.
आता त्यांतले काही बुजवतायत,
काठावरची तीच माती परत आत लोटून.
"हू इज फिलिंग?"
खणणारेच, ती म्हणाली. म्हणजे त्यांचंच खातं.
ती पुढच्या घोळक्याकडे गेली.
हे तिथेच.

एक वाळकं पान त्यांनी कठड्यावरून सोडलं,
मनगटावरच्या घड्याळाची चावी उगाच पिळली,
आणि पाहत राहिले.
मीही.
ऋजुता डोळे चोळत आली, काय बघताय म्हणाली,
आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.
दहा मिनिटांत पान सरकलं
वीतभर. कदाचित कमीच.

फ्लेमिंगोच्या वाटेवर खारफुटी सुरू झाली,
ऋजुता पुन्हा झोपली.
बऱ्याच वेळाने ते समोर बघत म्हणाले,
"आमचा डावा कालवा बावीस किलोमीटर.
अठराव्याच्या पुढे पाणी कधी गेलंच नाही.
लेव्हल चुकलेली नव्हती. पाणीच तेवढं नव्हतं.
दर आवर्तनाला मोजायचो मी."
थोड्या वेळाने,
"रजिस्टरात लिहायचो, पोचलं म्हणून."

यावर काय म्हणतात मला माहीत नव्हतं.
काच खाली केली. डास आत आले.
काच वर केली.
एक डास त्यांच्या मनगटावर बसला, घड्याळाशेजारी,
त्यांनी तो मारला नाही,
किंवा त्यांना दिसला नसावा.

धक्क्यावर कॉफी घेतली, कागदी कपात, फार गोड.
मॅनॅटी दिसतात म्हणाले लोक, आम्हाला दिसल्या नाहीत.
ऋजुताने विचारलं, बाबा, दमलात का?
"छे. सपाटच तर आहे सगळं."

परतताना ऊन तिरपं,
गवताच्या बुडाशी मधेच काहीतरी लकाकायचं आणि विझायचं.
ती पाटी आता दुसऱ्या बाजूने आली.
गाडी ऑटोमॅटिक, रस्ता सपाट,
तरी तिथे मी वेग कमी केला,
माथ्यावर करतात तसा.
ते काही बोलले नाहीत.
फक्त दाराच्या वरची मूठ धरली.