डेक ओला आहे

उत्तरायण होऊन पंधरा दिवस झाले
तरी फटींतून अजून मांजा निघतोय,
गुलाबी, काचेची धार न सोडलेला.
जुन्या सुरीनं उकरते आणि थेट डब्यात टाकते,
बोटाला गुंडाळायची सवय मोडलीय.
मांजाखाली पुराचा गाळ,
वाळून खारीसारखा झालेला.
विश्वामित्री दोनदा इथवर आली होती,
एकदा मगरीचं पिल्लू घेऊन.

आम्ही याला डेक म्हणतो, ओटा नाही.
अलंगला एक जहाज फोडलं होतं,
त्याचं सागवान ह्यांनी टेम्पोत घालून आणलं.
एकवीस फळ्या.
बिलावर जहाजाचं नाव नव्हतं.
मग दर दिवाळीला तेलरंग,
चॉकलेटी, चॉकलेटीवर हिरवा,
हिरव्यावर जो डबा स्वस्त मिळाला तो.
लाकडाचा जीव गुदमरतो हे सांगणारं
घरात कुणी नव्हतं.
मीही नव्हते.

लहरीपुऱ्याचे याकूबभाई पॉलिशवाले म्हणाले,
बेन, पहेलां बधुं उतारो, पछी वात.
कॉस्टिकचं पाणी, काथ्याचा ब्रश,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे.
रंग सायीसारखा सुरकुतला,
खरवडला की लोळत सुटला,
आणि दर हातभर अंतरावर उघडी पडली
खिळे झाकणारी लाकडाची गोल बुचं,
कुण्या सुताराने एकेक ठोकून
रंध्याने सपाट केलेली.
इतकी वर्षं मी त्यांच्यावर
पापड वाळत घालत होते.

दुपारी नळीनं धुतलं
आणि डेक काळा पडला.
तव्याच्या पाठीसारखा काळा.

एकतीस वर्षं मी सायन्स फॅकल्टीच्या लॅबमध्ये
ब्युरेट धुतल्या, मुलांना दटावलं,
अल्कलीवर उतारा आम्लाचा, हे पाठ होतं,
आणि स्वतःच्या परसात
पालथ्या बादलीवर बसले कपाळाला हात लावून.
रात्री दोनदा उठून टॉर्च मारला.
काळाच होता.

सकाळी याकूबभाई हसले.
बेन, हा मळ नाही. हे लाकडाच्या आतलं आहे,
डिवचलं म्हणून वर आलं.
पुडीतून त्यांनी पांढरे खडे काढले. ऑक्झॅलिक.
आंबुशीच्या पानात असतं तेच,
शाळेच्या कुंपणाशी तोडून खायचो, दात आंबायचे.
इथं मात्र नाकाला फडकं बांध,
मांजराला घरात कोंड.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही.
मग कडेची फळी उजळली,
मग तिच्या शेजारची,
मग कुठलीही, रांग सोडून.
ऊन वर येईपर्यंत सगळा डेक
सुंठेच्या कांडीसारखा.
इतका नवा, की पाय ठेवायची लाज वाटली.

दोन दिवस वाळू दिला.
थेंब टाकून बघायचं:
मोती होऊन बसला तर थांबा,
जिरला तर लाकूड तयार.
जिरला.

स्टेनच्या डब्यावर वॉलनट लिहिलंय,
याकूबभाई त्याला अखरोट म्हणतात.
रेषेच्या बाजूनंच हात न्यायचा,
उलटा नेला की दिसतं
मांजर उलटं कुरवाळल्यासारखं.
जास्तीचं लगेच पुसायचं. पुसायला ह्यांची बनियनं.
वीस फळ्यांनी अखरोट पिऊन घेतला.
चौदावीनं नाही घेतला, फिकीच राहिली.
ती सागाचीच नव्हती.
भर समुद्रात कधीतरी
कुणी मिळेल ते लाकूड बसवलं असणार.
याकूबभाई म्हणाले, दुसरा हात देऊ?
म्हटलं, नको. राहू दे तिला.

संध्याकाळी वामनभावजी आले,
नेहमीसारखे मागच्या फाटकातून,
बिल्डरचा कागद खिशात.
तिथंच थांबा, म्हटलं. डेक ओला आहे.
एक बूट हवेत धरून ते कर्दळीत उभे,
मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात,
मध्ये एकवीस फळ्या.
कागद त्यांनी लांबूनच दाखवला.
इतक्या लांबून मला वाचता येत नाही.

किती तास लागतील? त्यांनी विचारलं.
अठ्ठेचाळीस, मी म्हटलं.

याकूबभाईंनी चोवीस सांगितले होते.