मानस

अनुवादक म्हणून केलेली माझी पहिली चूक
पणजीच्या कचेरीत अजून असेल,
टाचणीचा गंज कागदावर उतरलेला.

आजोशीच्या बांधाचा दावा होता.
जुना मोडी कागद, वाळवीनं कडेला कुरतडलेला:
“गावाचे मानस पूर्वेस. दारे दोन.
वर्षातून एकदा पावणी व्हावी.”
मी फोंड्याचा, डोंगराच्या पायथ्याचा.
खाऱ्या पाण्याशी माझा संबंध बांगड्यापुरता.
लिहून मोकळा झालो:
गावाची इच्छा पूर्वेकडे आहे. तिला दोन दारे.
आणि पावणी? पाहुणी, दुसरं काय.
वर्षातून एकदा येते.

साक्षीला कायतान होता,
घोट्यांपर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडलेला.
मी वाचलं. तो हसला नाही.
“मन न्हय रे पुता, दार.”
दोन्ही तळवे जुळवून दाखवले त्यानं:
भरती आली की फळ्या आपोआप मिटतात,
ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं.
कोणी उघडत नाही. कोणी लावत नाही.
पावणी म्हणजे लिलाव,
त्या दाराशी जाळं बांधायचा वर्षाचा हक्क.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.
मी लाल शाईनं खोडलं.

पुढं सवयच लागली. आजोशीचा कागद आला
की शब्दाखाली बोट ठेवून बघायचं,
कुठवर आलाय.
सत्तरात होतं ‘शेत’.
मग कोळंबीला भाव चढला, आणि एका रात्री
कोणीतरी फळ्यांमध्ये धोंडा अडकवला.
खारं पाणी आत शिरलं ते राहिलंच. ‘पड’.
पडीत तिवरं रुजली, माणसाहून उंच झाली,
वरून फोटो काढणाऱ्यांना हिरवं दिसलं:
‘कांदळवन, संरक्षित’.
कायतानचा धाकटा रुझार
बापाच्या शेतात कोयता घेऊन गेला
तर कलम लागलं.
नोटीस मीच मराठीत केली.
एकही शब्द चुकला नाही.

कोरगुट नावाचा भात होता,
खाऱ्यात तगणारा, लालसर, जाड.
त्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नको.
आता पलीकडच्या काठावरच्या हॉटेलात
ते एका खोलीचं नाव आहे.
शेजारची खोली आसगो. तिचं भाडं थोडं कमी,
खिडकी रस्त्याकडे.

परवा रुझारनं नेलं बघायला.
एक फळी नाही. दुसरी उघडी ती उघडीच,
भरती येते, ओहोटी जाते, तिला पत्ता नाही.
यंदा पावणीला कोणी बोली लावली नाही म्हणे.
सिमेंटच्या खांबावर तेवढं रंगानं लिहिलेलं:
मानस क्र. २.

“हे काय होतं?” रुझारच्या नातीनं विचारलं.
मी सांगायला तोंड उघडलं,
पण तो तेवीस वर्षांचा कारकून
माझ्याआधी बोलून गेला:
गावाचं मन.

रुझारनं दुरुस्त केलं नाही.
तो वाकून फटीतला खेकडा काढत होता.