चाळिसावी फेरी

कुशिरोच्या बंदरावर बर्फाचा कारखाना रात्रभर चालतो.
दोन ते चार मला काम नसतं.
पाती आपोआप फिरतात, पन्हाळीतून चुरा घसरत राहतो,
आणि मी पाळीच्या खोलीत, हीटरकडे पाठ करून
राक्षस घडवतो.

आधी आकडे.
प्राण बारा हजार.
बळ इतकं, की पहिल्या फटक्यात वैदू आडवा व्हावा
पण मरू नये.
वेग सैनिकाहून जास्त, चोराहून कमी.
आग लागू. वीज लागू.
बर्फाचा परिणाम : शून्य.
(हा विनोद मी इगाराशीला सांगितला. तो हसला नाही.)

त्याची डरकाळी म्हणजे आमचाच चुरा करणारा यंत्ररावण,
हातमोजा न काढता फोनवर धरलेला,
मग एडिटरमध्ये निम्म्या वेगाने वाजवलेला.

प्रत्येक तिसऱ्या फेरीला तो नुसता श्वास घेतो.
ती जागा मी मुद्दाम सोडली आहे.
सतत मार खाणाऱ्याला
कधीतरी औषध प्यायला उसंत हवी.

प्राण निम्मे झाले की सत्तेचाळीस नंबरचा स्विच चालू,
संगीत बदलतं, पडदा हादरतो, आणि तो बोलतो :
‘दार माझ्यामागे आहे.’
एकदा तो स्विच बंद करायला विसरलो.
मग दर फेरीला तेच,
दार माझ्यामागे आहे, दार माझ्यामागे आहे,
चौथ्या पेल्यानंतरच्या इगाराशीसारखं.

मरताना काय म्हणेल, ते मात्र सुचत नाही.
त्या चौकटीत आठ महिने तीन टिंबं आहेत.

रविवारी बहिणीची सुझुने आली. अकरा वर्षांची.
म्हटलं, खेळून बघ, कुठे अडतंय सांग.
तिने चौघांनाही ‘बचाव’ दिला.
पुढच्या फेरीला पुन्हा बचाव.
म्हटलं, अगं, मार की!
‘थांब ना मामा. बघते, हा काय करतो.’

चाचणीसाठी मी औषधाच्या नव्व्याण्णव बाटल्या दिल्या होत्या,
त्यामुळे मरणं कठीण होतं.
दहावी फेरी. विसावी.
तो मारत होता, दर तिसऱ्याला श्वास घेत होता,
ती संत्रं सोलत होती, चिकट बोटांनी बटण दाबत होती.
तिसाव्या फेरीला माझ्याच राक्षसाची मला लाज वाटू लागली.
विष दिलं तर काय, झोपवलं तर काय, आंधळा केला तर काय,
सगळं लिहिलं होतं मी.
पळून जायची खूण काढून टाकली होती, तीही आठवणीने.
पण कोणी हातच लावला नाही तर?
त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता
आणि त्याला थांबता येत नव्हतं.

चाळिसाव्या फेरीला तिने रिमोट खाली ठेवला.
‘ह्याला कंटाळा येत नाही?’
म्हटलं, त्याला कोणी सांगितलंच नाही, थांबायचं.
‘मग सांग की.’
आणि सालं टाकायला उठून गेली.

इगाराशी म्हणतो, चाळीस फेऱ्या कोण बसणार?
हजारात एक. तोही झोपलेला, बटणावर डोकं ठेवून.
असेल.
आज रात्री नवीन पान उघडलंय.
अट : चाळिसावी फेरी, प्राण पुरते बारा हजार.
घडतं ते असं : संगीत हळूहळू विरतं.
पडदा हादरत नाही.
तो एक घर डावीकडे सरकतो.
संवाद नाही. टिंबंसुद्धा नाहीत.

चालवून पाहिलं. सरकला.
त्याच्यामागे दार होतं, खरंच होतं,
माझे चौघे त्यातून आत गेले
आणि काळ्या पडद्यावर उभे राहिले.
तिकडचा नकाशा मी काढलेलाच नाही.

खाली भोंगा वाजला. धुक्यातून कुठलीशी होडी
चार टन मागते आहे.
मी फाइल जतन केली, हातमोजे शोधले.
एक सापडला.